जुने तंतुवाद्य पारखावे कसे?

नित्याच्या वापरातील बहुतेक वस्तू कालांतराने झिजतात व त्यांचे मोल उतरते. कापड विरते, छत्री फाटते, सायकलीची साखळी सैल होते. तंतुवाद्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचे काही भाग झिजतात, परंतु ते काढून नवे बसविता येतात. काही भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि एकदा बिघडले म्हणजे सहसा पूर्ववत होत नाहीत. जुने वाद्य विकत घेणाऱ्यास ह्या दोहोंतील भेद ओळखता आला, तर थोड्या पैशांत उत्तम वाद्य त्याच्या हाती पडते. हा भेद कसा ओळखावा व त्यामागे पदार्थविज्ञानाचे कोणते नियम आहेत, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे.

कुंभकोणमचे उदाहरण

तमिळनाडूतील कुंभकोणम हे नगर कावेरी व अरसलार ह्या दोन नद्यांच्या मधोमध वसले आहे. तंजावर तेथून सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसले घराण्याचे राज्य होते. त्यामुळे मराठी वाचकास हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव ह्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथील मराठी घराण्यातच झाला.

ह्या भागात विजयादशमीच्या दिवशी मुलांच्या विद्येचा आरंभ करण्याची रीत आहे. ज्या घरी वीणा शिकविण्याचा बेत असतो, त्या घरी वाद्याचा प्रश्न उभा राहतो. नवी तंजावरी वीणा हे कित्येक आठवड्यांच्या हस्तकौशल्याचे फळ असल्यामुळे तिची किंमत सामान्य कुटुंबास जड जाते. मग कोणी एखाद्या घरी पडून असलेल्या जुन्या वीणेचा शोध घेतो, तर कोणी मुलाच्या आवडीप्रमाणे मोठ्या शहरातील वाद्यांच्या दुकानातून वापरलेली गिटार आणण्याचा विचार करतो.

ह्या खरेदीत पैशांखेरीज आणखीही एक गोष्ट पणास लागलेली असते. वाद्याचे पडदे चुकीच्या जागी असतील, तर विद्यार्थी बोट योग्य जागी ठेवूनही स्वर बेसूर निघतो. नवशिक्या मुलास हा दोष वाद्याचा आहे हे कळत नाही. आपला कानच कच्चा आहे, असे ते समजते आणि वर्षभरात वाद्य कोपऱ्यात जाऊन पडते. म्हणून पहिले वाद्य साधे असले तरी चालेल, परंतु ते खरे असावयास हवे.

वीणेची रचना

तंजावरी वीणा फणसाच्या लाकडाची असते. ध्वनी घुमविणारे पोकळ कुंड, त्यापुढील लांब दांडी आणि टोकाशी व्याल नामक काल्पनिक पशूचे मुख, असे तिचे तीन मुख्य भाग होत. हे सर्व भाग एकाच ओंडक्यातून कोरून काढले असतील, तर त्या वीणेस एकांड वीणा म्हणतात. निरनिराळे तुकडे जोडून केलेली वीणा जोडकामाची. दांडीच्या दुसऱ्या टोकाखाली एक भोपळा असतो. त्याचा मुख्य उपयोग वाद्यास आधार देण्यासाठी होतो.

वीणेस एकंदर सात तारा असतात. त्यांपैकी चार पडद्यांवरून जातात आणि उरलेल्या तीन बाजूने ताल व आधारस्वर यांसाठी असतात. पडद्यांची संख्या २४ आहे. ही संख्या निश्चित करण्याचे श्रेय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील तंजावरचा राजा रघुनाथ नायक ह्यास परंपरेने दिले जाते. पडदे धातूचे असून मेण व कोळशाची पूड यांच्या काळ्या मिश्रणात ते बसविलेले असतात. तंजावरी वीणेस २०१३ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली.

बदलता येणारे व न येणारे भाग

ह्या रचनेकडे खरेदीदाराच्या दृष्टीने पाहिले असता दोन वर्ग पडतात. तारा, खुंट्या, भोपळा, घोडीवरील धातूची पट्टी, पडदे व त्यांखालील मेण हे पहिल्या वर्गातील भाग होत. ते वापराने झिजतातच आणि जाणता कारागीर ते नव्याने बसवून देतो. दुसऱ्या वर्गात कुंड, कुंडावरील फळी, दांडी आणि त्यांचे सांधे येतात. ह्यांत बिघाड झाला, तर दुरुस्ती अवघड, खर्चिक व पुष्कळदा अपुरी ठरते.

सामान्य खरेदीदाराची नजर नेमकी उलट दिशेने जाते. तुटलेल्या तारा, तडकलेले मेण आणि काळवंडलेले पडदे पाहून तो चांगली वीणा नाकारतो; नव्या पॉलिशने चमकणारी, परंतु दांडीच्या सांध्याशी उघडलेली वीणा मात्र आनंदाने घरी नेतो. पॉलिश व कडेच्या शोभेच्या पट्ट्या यांखाली भेग सहज झाकली जाते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मेणासंबंधी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु त्याहून पुष्कळ कमी उष्णतेतही ते मऊ होते. उन्हात ठेवलेल्या किंवा बंद मोटारीत राहिलेल्या वीणेचे पडदे त्यामुळे सरकतात. उलट अनेक वर्षे पडून राहिलेले मेण ठिसूळ होते. दोन्ही प्रकारांत नवे मेण घालून पडदे पुन्हा बसविणे हाच उपाय असतो. तमिळ प्रदेशात ह्या कामास मेळम बांधणे असे म्हणतात. मेळम बिघडणे हे वीणेच्या आयुष्यातील नेहमीचेच काम असल्याने त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. तेवढ्यासाठी वीणा टाकाऊ ठरवू नये.

तारेचा नियम व पडद्यांची कसोटी

ताणलेल्या तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या प्रत्येक सेंटिमीटरचे वजन. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन ह्याने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या संबंधाचे नियम मांडले. त्यांतील पहिला नियम आपल्या कामाचा आहे. ताण तोच ठेवून तारेची लांबी निम्मी केली की दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या दुप्पट होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो.

वीणेवर एका सप्तकास बारा पडदे असतात. म्हणून बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी आणि चोविसाव्यावर एकचतुर्थांश राहते. समजा, मोकळ्या तारेची लांबी ८० सेंटिमीटर आहे. बाराव्या पडद्यावर ४० सेंटिमीटर तार उरते आणि चोविसाव्यावर २० सेंटिमीटर. पहिला पडदा मेरूपासून, म्हणजे तार जेथून मोकळी होते त्या कडेपासून, सुमारे ४.५ सेंटिमीटरांवर येतो व पुढे साडेपंचाहत्तर सेंटिमीटर तार शिल्लक राहते.

आता कोणताही पडदा एक मिलिमीटर सरकला, तर काय होईल? पहिल्या पडद्यापाशी ही चूक तारेच्या उरलेल्या लांबीच्या साडेसातशेवा भाग इतकी आहे. तिचा परिणाम कानास क्वचितच जाणवेल. चोविसाव्या पडद्यापाशी मात्र तीच चूक दोनशेवा भाग होते, म्हणजे जवळजवळ चौपट. म्हणून जुने वाद्य तपासताना वरच्या सप्तकातील पडदे अधिक काळजीने ऐकावेत. दुकानात किंवा घरोघरी विक्रेते बहुधा खालच्या सप्तकातील सोपे स्वर वाजवून दाखवितात, तेथे दोष असला तरी तो लपून राहतो.

ही कसोटी कोणासही करता येईल. तारेच्या बरोबर मध्यावर बोट केवळ टेकवावे, दाबू नये, आणि तार छेडून बोट लगेच उचलावे. वरच्या सप्तकाचा मृदू, घंटेसारखा स्वर ऐकू येतो. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर किंचित चढा येणे स्वाभाविक आहे, कारण दाबताना तार थोडी ताणली जाते. तारा पडद्यांपासून जितक्या उंच, तितका हा चढ अधिक असतो. कुशल कारागीर पडदे कानाने बसवीत असल्यामुळे ह्या चढाची भरपाई तो आधीच करून ठेवतो.

ह्या कसोटीत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तारेचे वजन सर्वत्र सारखे आहे, असे मेर्सेनचा नियम गृहीत धरतो. गंजलेली किंवा पडद्यांवर घासून खाचा पडलेली तार हे गृहीत पाळत नाही. तिच्यावर उत्तम वीणाही बेसूर वाजते. म्हणून शक्य असेल तेथे किमान एक नवी तार चढवून मगच निर्णय घ्यावा. तारेची किंमत वाद्याच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते.

घोडीची वक्रता

घोडी म्हणजे कुंडावरील तो आधार, ज्यावरून तारा जातात आणि ज्याच्या द्वारे त्यांची कंपने लाकडात उतरतात. व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते. वीणेच्या घोडीवर मात्र किंचित गोलाई दिलेली धातूची रुंद पट्टी असते आणि तार त्या गोलाईला स्पर्श करीत हळूहळू तिच्यापासून दूर होते.

ह्या गोलाईचे महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी दाखवून दिले. तिरुच्चिरापल्ली येथे १८८८ साली जन्मलेल्या रामन ह्यांनी प्रकाशाच्या विकिरणावरील जगप्रसिद्ध शोधापूर्वी वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर पुष्कळ काम केले होते. १९२१ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेच्या कार्यवृत्तात त्यांनी वीणा व तंबोरा यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. तार छेडली असता मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. ज्या बिंदूवर तार छेडली, तो बिंदू एखाद्या उपस्वरात स्थिर राहणारा असेल, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग ह्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. वीणा व तंबोरा हा नियम पाळीत नाहीत आणि त्याचे कारण घोडीच्या विशिष्ट आकारात आहे, असे रामन ह्यांना आढळले. वक्र पृष्ठावर तार क्षणोक्षणी टेकते व सुटते. त्यामुळे उपस्वरांचा तो समृद्ध समुदाय उत्पन्न होतो.

वर्षानुवर्षे वापरलेल्या घोडीवर तारांच्या खाचा पडतात. तार खाचेत रुतली की तिचा वक्र पृष्ठाशी होणारा हळुवार स्पर्श बिघडतो, आवाज बोथट होतो किंवा त्यात करकर येते. सतार व तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेतील कारागीर हे पृष्ठ घासून नीट करण्याच्या कामास जवारी काढणे म्हणतात. वीणेच्या घोडीवरही असेच काम करता येते. म्हणून बोथट आवाज ऐकून वाद्य नाकारण्यापूर्वी घोडीकडे पाहावे. दोष तेथे असेल, तर तो पहिल्या वर्गातील आहे.

लाकूड आणि हवा

लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. ओलाव्याने ते फुगते व सुकल्यावर आकसते. परंतु तंतूंच्या दिशेने हा बदल अत्यल्प असतो, तर तंतूंच्या आडव्या दिशेने कित्येक पट अधिक. ह्या विषमतेमुळेच फळ्या वाकतात, सांधे सुटतात आणि भेगा बहुधा तंतूंना समांतर पडतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि हवा दमट असते. मे महिन्यात कडक ऊन असते. ज्या वीणेने असे अनेक ऋतू पाहिले आणि जिचे सांधे तरीही घट्ट आहेत, तिचे लाकूड स्थिर झाले आहे, असे मानण्यास आधार मिळतो. जुन्या वाद्याचा हा खरा लाभ होय.

कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै ह्या गावातील नादस्वर बनविणारे कारागीर हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जुन्या घरांच्या तुळया व खांब यांतून मिळणारे आच्चा वृक्षाचे लाकूड ते वापरतात, कारण अनेक दशके सुकलेले लाकूड पुढे वाकत नाही. ह्या नादस्वरासही २०२२ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले.

लाकडाची परीक्षा डोळ्यांनी व कानांनी करावी. वाद्य आडवे धरून दांडीच्या टोकाकडून कुंडाकडे एका डोळ्याने पाहावे. दांडी तारांच्या ओढीने वर उचललेली दिसली, तर सांधा सुटू लागला आहे. कुंडावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टिचकी मारावी. अखंड लाकूड भरीव, घुमणारा आवाज देते. भेग असेल तेथे आवाज फुटका येतो.

गिटारीस हेच नियम

वापरलेल्या गिटारीसही वरील विचार लागू पडतो. तिच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो रात्रंदिवस चालूच राहतो. दांडी वाकू नये म्हणून पोलादी तारांच्या गिटारींत सामान्यतः दांडीच्या आत धातूची सळई बसविलेली असते. ती फिरवून थोडा वाक काढता येतो. वीणेत अशी सोय नाही. सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर मात्र पुढील दुरुस्तीस जागा उरत नाही. म्हणून हे मुद्दाम विचारून घ्यावे.

गिटारीचे पडदे लाकडात ठोकून पक्के केलेले असल्यामुळे ते सरकत नाहीत, परंतु तारांखाली त्यांवर खाचा पडतात. बाराव्या पडद्याची कसोटी येथेही जशीच्या तशी करावी. घोडीच्या मागील कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. कागद आत गेला, तर घोडी उचलली जात आहे. दांडी व कोठा यांचा कोन बिघडलेला असणे हा सर्वांत खर्चिक दोष होय. तारा पडद्यांपासून फार उंच असणे ही त्याची पहिली खूण.

मोठी दुकाने आणि अपुरे ज्ञान

वाद्यांची मोठी दुकाने भारतास नवीन नाहीत. मद्रासमध्ये १८४२ साली मिस्क्विथ आणि कंपनी स्थापन झाली. तीच पुढे म्यूझी म्यूझिकल ह्या नावाने प्रसिद्धीस आली. मुंबईतील फुर्तादोस ही पेढी १८६५ सालची असून पुढे तिच्या शाखा अनेक शहरांत निघाल्या. अमेरिकेत १९५९ साली हॉलिवूड येथे सुरू झालेल्या गिटार सेंटर ह्या दुकानाची देशभर साखळी झाली आणि तेथे वापरलेल्या वाद्यांची खरेदी-विक्री हा व्यवसायाचा मोठा भाग बनला. अशा साखळीत वाद्य एका शाखेत घेतले जाते व दुसऱ्या शाखेतील ग्राहकास विकले जाते. पुष्कळदा ग्राहकापुढे केवळ चित्र व दोन ओळींचे वर्णन असते.

येथे एक आर्थिक प्रश्न उपस्थित होतो. वापरलेल्या वस्तूचे दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. समजा, बाजारात दहा जुन्या वीणा आहेत. पाच उत्तम असून प्रत्येकीचे खरे मोल ४०,००० रुपये आहे. पाच सदोष असून त्यांचे मोल १०,००० रुपये. ग्राहकास भेद कळत नसल्याने तो सरासरी, म्हणजे २५,००० रुपये देऊ करील. उत्तम वीणेचा मालक त्या किमतीस विकणार नाही व बाजारातून निघून जाईल. शेवटी सदोष वीणाच उरतील. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणावरून हा विचार मांडला. त्याच निबंधात भारतीय बाजारात तांदळातील खडे निवडणाऱ्या गृहिणीचाही उल्लेख आहे. २००१ साली अन्य दोन अर्थशास्त्रज्ञांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्यावर उपाय दोन. पहिला, विक्रेत्याने दोषाची जबाबदारी घेणे. ठराविक दिवसांत वाद्य परत घेण्याची लेखी हमी हा त्याचा व्यवहारातील प्रकार. मोठ्या दुकानाचा खरा उपयोग येथे आहे, म्हणून हमी मिळत असेल तर त्या मुदतीतच वाद्य शिक्षकाकडे नेऊन तपासून घ्यावे. दुसरा उपाय, ग्राहकाने ज्ञान उसने घेणे. कुंभकोणम-तंजावर भागात वीणेचे गुरू व मेळम बांधणारे कारागीर जवळपास असतात. त्यांपैकी एकास सोबत नेले, तर विक्रेत्याइतकेच ज्ञान ग्राहकाच्या बाजूसही येते.

कायद्याची बाजू

जुन्या वीणांवर हस्तिदंताचे नक्षीकाम आढळते. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. वाद्य कितीही जुने असले, तरी असे नक्षीकाम असलेल्या वीणेची विक्री कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. पांढरी पट्टी हस्तिदंताची की प्लास्टिकची, ह्याची खात्री सौद्यापूर्वीच करून घ्यावी.

परीक्षेचा क्रम

सर्व विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा. प्रथम लाकूड पाहावे: भेगा, सांधे, दांडीचा सरळपणा. त्यात दोष आढळला, तर पुढील परीक्षेची गरज उरत नाही. लाकूड निर्दोष असेल, तर घोडी, खुंट्या, पडदे व मेण पाहून दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून घ्यावा व तो किमतीतून वजा करावा. त्यानंतर नवी तार चढवून बाराव्या व चोविसाव्या पडद्याची कसोटी करावी. गिटारीस बारावा पुरे. पॉलिश व शोभा सर्वांत शेवटी पाहावी.

ह्या क्रमास अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक डोळा, एक कान, एक मोजपट्टी व एक नवी तार. शाळेतील विज्ञानाच्या तासाला, वाचनालयात किंवा घरी असलेल्या कोणत्याही तंतुवाद्यावर मुलांकडून हे प्रयोग करवून घेता येतील. तारेच्या निम्म्या लांबीवर वरच्या सप्तकाचा स्वर येतो, हे ज्या मुलाने स्वतः ऐकले आहे, ते बेसूर वाद्याचा दोष पुन्हा आपल्या कानावर घेणार नाही.